शोकसभेतला हशा

भांबावे हे काही त्याचं खरं नाव नव्हे. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्याने त्या नावाचा कारकून रंगवला, मालिका दहा-बारा वर्षं चालली, आणि आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव बँकेच्या आणि दवाखान्याच्या कागदांवर तेवढं उरलं. भाजीवाली त्याला भांबावेच म्हणे. दाढ काढायला गेला तेव्हा डॉक्टरनेही भूल द्यायच्या आधी विचारलं, "काय भांबावे, आज साहेबांनी कुठली हलवली?" मालिकेत दर भागात त्याला साहेबाची एक तरी थोबाडीत बसायचीच. ती बसली की तो आधी गाल नाही, चष्मा चाचपायचा. मग मार भलत्यालाच बसला असावा तसा मागे वळून बघायचा. आणि मग अगदी गरीब आवाजात म्हणायचा, "माझं काही चुकलं का?" एवढ्यावर घराघरांत लोक पोट धरून हसायचे.

मालिका बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती. आता दुकानांची उद्घाटनं असत, कुठे बक्षीस समारंभ असे, अधूनमधून एखाद्या सिनेमात हॉटेलच्या मॅनेजरचं काम मिळे. ओळखणारे लोक होते तेवढेच होते, पण हसू कमी झालं होतं. रस्त्यात लोक "अरे, हे ते..." म्हणून बोट दाखवत आणि पुढे जात. तो घरी कुणाला सांगत नसे, पण ते त्याला लागायचं. हशा ही काय चीज आहे ते ज्याला मिळालाय त्यालाच कळतं. एकदा मिळाला की अंगात मुरतो, आणि मिळेनासा झाला की माणूस नुसता तगमगतो.

अशातच त्याचे भावोजी गेले.

भावोजी बसडेपोत कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कधी सुटणार, हे माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. आयुष्य डिझेलच्या धुरात गेलं आणि फुप्फुसं कामातून गेली. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं तर सूचना देता देता मध्येच खोकला यायचा आणि सगळ्या स्टँडवर तो भोंग्यातून ऐकू यायचा. शेवटचं वर्ष घरात, नाकाला नळी लावून, ऑक्सिजनच्या मशीनशेजारी काढलं.

भांबावेवर या माणसाचे उपकार होते. तो नटायला म्हणून घर सोडून आला तेव्हा ताईच्या दोन खोल्यांतल्या एका खोलीत कित्येक वर्षं पथारी टाकून होता. भावोजींनी कधी चेहरा पाडला नाही, "काम कधी मिळणार?" असं कधी विचारलं नाही. सकाळी डबा भरताना स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी याच्यासाठी झाकून ठेवत. एकच गोष्ट त्याच्या मनाला खुपायची. मालिका सुरू झाली, नाव झालं, पण भावोजी ती कधी बघत नसत. हा घरी आला आणि टीव्हीवर मालिका लागली, की ते उठून बाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायला जात. भर पावसातसुद्धा. आपलं काम त्यांना हलकं वाटतं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

डेपोतल्या लोकांनी शोकसभा ठेवली. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत लोखंडी बाकं ओळीने मांडली होती. समोर टेबलावर भावोजींचा फोटो आणि थोडी फुलं. भिंतीवर गणवेशाचे शर्ट खिळ्यांना लटकत होते, ते कुणी काढले नव्हते. पहिल्या बाकावर ताई, तिच्या शेजारी भाची. डेपो मॅनेजर बराच वेळ बोलले आणि बोलताना भावोजींचा हुद्दा चुकीचा सांगितला. मग त्यांनी म्हटलं, "आता त्यांचे मेहुणे, आपल्या सगळ्यांचे लाडके..." आणि एवढ्यावरच मागच्या बाकावर चुळबुळ झाली.

भांबावेने टॅक्सीत बसून भाषण पाठ केलं होतं. भावोजींनी मला घर दिलं, इथून सुरुवात होती. तो उभा राहिला, माइकला हात लावला, आणि माइक किंचाळला. दचकून त्याचा हात आपसूक चष्म्याकडे गेला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"भावोजींनी मला..." तो म्हणाला. पण त्याचा आवाज तोच होता, दहा-बारा वर्षं घराघरांत वाजलेला. त्याला दुसरा आवाज होता कुठे? पुन्हा खुदखुद झाली. कुणीतरी "शूऽऽ" केलं, आणि हसू दाबलं की ते जास्तच चेकाळतं, तसं झालं. दोन बाकं हलायला लागली.

इथे थांबायला हवं होतं. दोन शब्द बोलून खाली बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्या खुदखुदीने त्याच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी सरसरत गेलं. किती दिवसांनी! समोर भरलेली खोली, हसायला टेकलेली माणसं, आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर. त्याच्या खांद्यांनी आपोआप भांबावेचा पोक काढला.

"भावोजींची सूचना तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय," तो म्हणाला आणि माइक तोंडाजवळ घेतला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. जुन्या पुलामार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक..." आणि तो खोकला. भावोजींसारखा. आधी घशात खरखर, मग दोन कोरडे ठसके, मग लांबलचक उबळ. "फलाट क्रमांक..." पुन्हा खोकला. एका हाताने तो बिचारे प्रवासी दाखवायला लागला, बोचकी उचलून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर धावणारे, थांबून भोंग्याकडे बघणारे. "फलाट क्रमांक..."

खोली फुटली. मॅनेजरांनी रुमाल काढून डोळे पुसले. एक जाडा ड्रायव्हर बाकावरून खाली घसरला. समोर दोन-तीन मोबाइल वर आले.

तेव्हा त्याला ताई दिसली. तिने मांडीवरचा हात पुढे केला होता आणि तो तसाच अधांतरी राहिला होता. मग भाचीने तिला दंडाला धरून उठवलं. दोघी कडेकडेने दाराकडे निघाल्या. भाचीने वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं.

त्याने सगळं पाहिलं. आणि तरी थांबला नाही, कारण शेवटचा हशा अजून यायचा होता. त्याने आणखी एक उबळ काढली, दम घेतला, आणि हात झटकून म्हणाला, "जाऊ दे! गाडी गेली!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. त्याने वाकून त्या घेतल्यासुद्धा. ताई तोवर दाराबाहेर गेली होती.

सभा संपल्यावर लोकांनी त्याला गराडा घातला. "भावोजी डोळ्यांसमोर उभे केलेत!" असं प्रत्येक जण म्हणत होता. त्याच्याबरोबर फोटो काढत होते. तो हसत होता, पण डोळे दाराकडे होते. ताई आणि भाची केव्हाच टॅक्सी करून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळीकडे पोचला. कुणी त्यावर हसणारे चेहरे चिकटवले, कुणी संगीत घातलं. "भांबावे परत आले!" असं लोक लिहू लागले. संध्याकाळी एका निर्मात्याचा फोन आला. त्याने दोन वर्षांत भांबावेचा फोन उचलला नव्हता.

"काय काम केलंय तुम्ही! तो खोकणारा बसवाला म्हणजे सोनं आहे सोनं. नवीन कार्यक्रम काढतोय, दर आठवड्याला तुमचा एक प्रवेश. बोला."

नाही म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता. तो म्हणाला, "बघू."

फोन ठेवल्यावर त्याने बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं आणि आरशात न बघता पुसलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याने शेकडो वेळा करून दाखवलं होतं. डोळे खाली, खांदे आत, गुडघे किंचित वाकलेले. खरी शरम आली तेव्हा कळलं की त्यात करायला काहीच नसतं. नुसतं बसून राहावं लागतं.

चार दिवस तसाच घुटमळून तो ताईकडे गेला. दार भाचीने उघडलं. तिने त्याला आत घेतलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"आई झोपलीय, मामा."

"कोण आहे गं?" आतून ताईचा आवाज आला.

भाची बाजूला झाली. ताई खाटेवर बसून मशीनची नळी ओल्या फडक्याने पुसत होती. मशीन भाड्याचं होतं, परत द्यायचं होतं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली, आणि खिडकीत भावोजींचा चष्मा. तो खालच्या स्टुलावर टेकला.

"हुबेहूब केलंस," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "आधी ती खरखर, मग ते दोन ठसके. मी वर्षभर उशाशी बसून ऐकलंय ना. तू खोकलास आणि माझा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला. तिथे भांडं कुठलं? मग कळलं की हे आपले नव्हेत, हा धाकटा आहे. आणि सगळे हसतायत."

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "माझं चुकलं."

आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडताच त्याला स्वतःलाच ऐकू आलं. तोच गरीब आवाज, तोच शेवटचा हेल. मालिकेत बारा वर्षं घासून गुळगुळीत केलेलं वाक्य.

"मामा," भाची दारातूनच म्हणाली, "निदान ते वाक्य तरी नको."

माणसाजवळ माफी मागायला चार शब्द असतात, ते त्याने विकून खाल्ले होते. आता ते कुणाला खरे वाटणार?

ताईने नळी गुंडाळली. मग म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं होतं. ते तुझी मालिका बघत नसत, त्याचा तुला राग होता ना?"

"राग नाही गं..."

"होता. मला दिसायचं. त्यांना बघवायचं नाही रे. तुला थोबाडीत बसली की उठायचे. मला म्हणायचे, त्याला मारतात आणि सगळे हसतात, आणि तो येऊन विचारतो, कसं झालं. मी काय सांगू त्याला? डेपोत एक कंडक्टर तुझी नक्कल करायचा, गाल धरून. त्याच्याशी हे किती महिने बोलले नव्हते. शेवटी त्यानेच येऊन पाय धरले."

भांबावेने खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुंड्या होत्या. पाणी कुणी घातलं नव्हतं, पण त्याला उठून घालायची हिंमत झाली नाही. ज्या माणसाला आपला गाल दुखला म्हणून दुखायचं, त्याचा श्वास आपण लोकांत वाटून खाल्ला. तो उठला, ताईच्या पायांशी क्षणभर वाकला, आणि निघाला.

जिन्यातच उभं राहून त्याने निर्मात्याला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. निर्माता जराही रागावला नाही.

"हरकत नाही हो. आपला तो नवीन पोरगा आहे, तो करेल. तुमची कल्पना होती म्हणून आधी तुम्हाला विचारलं, एवढंच."

"नाही, तसं नको. ते कुणाचं तरी... ते माझे भावोजी होते."

"अहो, खोकल्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?" निर्माता म्हणाला आणि हसला. चांगलं, मोकळं हसला.

मग तो डेपोत गेला. व्हिडिओ काढणारा तोच जाडा ड्रायव्हर निघाला, बाकावरून घसरलेला. दुपारची सुट्टी होती, सगळे डबे उघडून बसले होते. याला बघून एकदम गलका झाला, कुणी बाक पुसून दिलं, कुणी चहा मागवला. तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मी त्या दिवशी जे केलं ते फार वाईट केलं. ताईसमोर केलं. मी तुमची सगळ्यांची माफी मागायला आलोय."

मग एकाने हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?" आणि सगळी खोली खदखदली. त्यांना वाटलं, हा नवीन प्रवेश आहे. तो हात हलवून "नाही, नाही, खरंच" म्हणत राहिला आणि ते जास्तच हसत राहिले. त्याचे डोळे भरून आले, तर एक जण म्हणाला, "बघा, बघा, डोळ्यांत पाणीसुद्धा काढतात!"

फक्त तो जाडा ड्रायव्हर हसायचा थांबला. त्याने याला हाताला धरून बाहेर नेलं, गाड्या धुतात तिथे.

"तुम्ही खरंच बोलताय होय?" त्याने विचारलं.

"हो."

ड्रायव्हरने मोबाइल काढून याच्यादेखत व्हिडिओ पुसून टाकला. "पण आता काय उपयोग," तो म्हणाला. "तो गावभर झालाय." मग थोडा वेळ टायरवरून ओघळणारं पाणी बघत राहिला. "एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ते केलंत तेव्हा मला वाटलं, साहेब आलेच परत. मी काय त्यांना हसलो नव्हतो. बरं वाटलं म्हणून हसलो. वहिनींकडे माझं लक्षच गेलं नाही." आणि एवढा मोठा माणूस, मान खाली घालून उभा राहिला. आता शरमिंदे दोघे झाले होते. एकट्याने केलेलं पाप आपण भल्या माणसांच्याही पदरात बांधलं, हे भांबावेला तिथे, त्या साबणाच्या पाण्यात उभं राहून कळलं.

कार्यक्रम सुरू झाला. नवीन पोरगा खरोखरच हुशार होता. त्याने खोकल्यात शिट्टी घातली, टोपी घातली, आणि बसवाला घरोघरी पोचला. भांबावेने पहिला भाग पाहिला. पोरगा कुठे थांबतो, कुठे दम घेतो, सगळं बरोबर होतं. धंद्यातला माणूस म्हणून त्याच्या मनात "वा!" उमटलं, आणि लगेच त्याने टीव्ही बंद केला. स्वतःचीच शिसारी आली.

महिन्याभराने भाचीचा फोन आला. "मशीन परत द्यायचंय. जड आहे. लिफ्ट बंद आहे. तुम्हाला वेळ असला तर."

वेळच वेळ होता. तो गेला. भाची आणि तो मिळून एकेक पायरी मशीन उतरवत होते, मागून ताई नळीची पिशवी घेऊन. मधल्या मजल्यावर ते दम खायला थांबले. तिथे दोन शाळकरी मुली जिन्यात खेळत होत्या. एक खोकली, दुसरी हात झटकून ओरडली, "जाऊ दे! गाडी गेली!" आणि दोघी हसत हसत वर पळाल्या. त्यांनी याला ओळखलंसुद्धा नाही. त्यांना त्या वाक्याचा धनी ठाऊकच नव्हता.

त्याने मान वर केली नाही. भाचीचे हात मशीनच्या दांड्यावर घट्ट झालेले तेवढे त्याला दिसले.

"उचला," ती म्हणाली.

दुकान जवळच होतं. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, खाटा, असलं सगळं भाड्याने देणारं. काउंटरवरच्या माणसाने मशीन चालू करून बघितलं. घरघर सुरू झाली आणि ताईने काउंटरला धरलं. तेवढ्यात त्या माणसाची नजर याच्याकडे गेली, चेहरा फुलला, तोंड उघडलं. तो काय विचारणार ते तिघांनाही कळलं.

भांबावे तडक बाहेर आला. दुकानाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आत आपला चेहरा नसणं, एवढंच आज आपल्याला त्या दोघींसाठी करता येण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं. आयुष्यभर हा चेहरा लोकांसमोर यावा म्हणून धडपडलो. आता उन्हात उभं राहून तो लपवायचा होता, आणि तेही जमत नव्हतं. समोरून जाणारा एक सायकलवाला त्याला बघून हसला आणि हात करून गेला.

मागे घरघर बंद झाली. थोड्या वेळाने दोघी बाहेर आल्या. ताईचे डोळे कोरडे होते. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

"चहा घेऊ या का कुठे?" ती म्हणाली. "चक्कर आल्यासारखं वाटतंय."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात गर्दी होती. त्याने आत जाऊन भिंतीकडे तोंड येईल अशी खुर्ची घेतली. ताई त्याच्या समोर बसली. भाची जराशी उभीच राहिली. मग तिने शेजारच्या टेबलाकडे एकवार पाहिलं, तिथली माणसं माना उंचावून बघायला लागली होती. तिने आपली खुर्ची ओढून त्यांच्या आणि मामाच्या मध्ये ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. त्याच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

चहा आला. ताईने तीन कप सारखे केले.

"पाणी घालत जा रे येऊन कुंड्यांना," ती म्हणाली. "मला वाकवत नाही आता."

तो हो म्हणाला, आणि तेही कुठल्या आवाजात बाहेर पडेल या धास्तीने अगदी हळू म्हणाला.